यंत्र म्हणतं डाव हरला, आबाजी म्हणते बरोबरी. चाचणी घ्यावी तरी कशी?

काटेवाला (दारव्हा तालुका)

नमस्कार मंडळी. दारव्ह्याहून कारंज्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक वजनकाटा आहे, तिथं मी रात्रपाळीला बसतो. कापसाचा सीझन चालू आहे. अकरा ते चार या वेळात गाडी आली तर आली, नाही तर काट्यावर मी, एक लंगडं कुत्रं आणि मालकाचा जुना कोअर टू ड्युओ कॉम्प्युटर. पावत्या छापायला तेवढा पुरतो. त्याच्यावरच बुद्धिबळाचा पट दाखवणारं एरिना आणि चाली शोधणारं यंत्र, म्हणजे स्टॉकफिश ११, टाकून ठेवलं आहे. मालकाला माहीत आहे, तोही कधीमधी येऊन बघतो.

आता मुद्दा. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ च्या जुलैत बटुमीला हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकली, तेव्हापासून आमच्याकडे घरोघरी पोरी पट मांडून बसल्या आहेत. माझी भाची सातवीत आहे. यवतमाळच्या शिबिरातून तिनं एक झेरॉक्स आणली. त्यातली एक स्थिती अशी:

पांढरा: राजा ई३, उंट सी२ आणि डी८, प्यादी ए२, बी२, सी३, डी४, ई५, एफ४, जी४, एच३.
काळा: राजा बी५, हत्ती ए६ आणि बी७, उंट ए५, प्यादी ए३, बी४, सी५, डी६, ई७, एफ६, जी५, एच४.

खाली एवढंच छापलेलं: 'विल्यम रुडॉल्फ, १९१२. पांढऱ्याची खेळी, बरोबरी.'

प्यादी आठाला आठ. पण काळ्याकडे दोन हत्ती आणि एक उंट, पांढऱ्याकडे नुसते दोन उंट. भाचीनं हात टेकले, मग मी टेकले, मग कागद गेला आबाजींकडे.

आबाजी म्हणजे माझे आजोबा, वय ८१. शकुंतला रेल्वे चालू होती तेव्हा गाडीत पट घेऊन बसायचे, दारव्ह्याहून मूर्तिजापूरपर्यंत आरामात दोन डाव व्हायचे म्हणतात (गाडीचा वेग बघता तिसराही झाला असता). देशी नियमातली राजाची एकदाची घोडा-उडी त्यांना अजून सुटत नाही, भाची ओरडते तेव्हा राजा परत ठेवतात. तर या माणसानं दोन संध्याकाळी कागद पुढ्यात ठेवला, सोंगट्यांना हात लावला नाही, आणि तिसऱ्या दिवशी मला हाक मारली. "इकडं ये. धुरा घालाचा हाय यात. उंट देऊन टाक." (धुरा म्हणजे शेताचा बांध.)

चाली अशा. सी२ वरचा उंट ए४ वर, शह. फुकटचा उंट. राजानं घेतला नाही आणि सी४ वर गेला तर उंट बी३ शह, राजा परत बी५, उंट परत ए४, हेच फिरत राहतं. घेतला तर मग नुसती प्यादी पुढे: बी३ शह, राजा बी५. सी४ शह, राजा सी६. डी५ शह, राजा डी७. ई६ शह, आता राजा डी८ वरचा दुसरा उंटही खातो. आणि मग शांतपणे एफ५.

मांडून बघा एकदा. ए२ पासून एच३ पर्यंत सगळी प्यादी समोरच्या प्याद्याला नाक लावून उभी. एकही प्यादं हलत नाही, एकही प्यादं दुसऱ्याला मारत नाही. काळ्याचे दोन हत्ती आणि उंट धुऱ्याच्या पलीकडे आणि पांढऱ्याचा एकटा राजा अलीकडे हिंडतो आहे. "रोही केवढाई दांडगा असू दे," आबाजी म्हणते, "धुऱ्यावर काट्या लावल्या तं बाहेरच राह्यते." (रोही म्हणजे नीलगाय.)

मग मी ते यंत्रात घातलं. आणि यंत्र काही ऐकेना.

पहिल्या रात्री पाऊण तास चालवलं. उंट ए४ ही चाल त्यानं मधेच वर आणली, मग खाली टाकली, दुसरीच धरून बसलं. दुसऱ्या रात्री तीच स्थिती, तोच वेळ, तर उंट ए४ शेवटपर्यंत वर. तिसऱ्या रात्री परत वेगळं. आकडा मात्र तिन्ही रात्री काळ्याच्या बाजूचा, चांगला मोठा, म्हणजे पांढरा हरला असंच. आबाजींना सांगितलं तर म्हणाले, "मंग हारवून दाखव म्हणा त्याले."

मी रोज वजनं करतो म्हणून मला एक वाटून राहिलं. काटा खोटं बोलत नाही. ट्रॉली भरून जेवढं आहे तेवढं दाखवतो. पण कापसात ओलावा किती हे काट्याला कळत नाही, त्यासाठी जिनिंगवाला वेगळं मीटर खुपसतो, आणि १२ टक्क्यांच्या वर निघाला की भांडण. हे यंत्र नुसतं वजन तर करून नाही राहिलं ना? दोन हत्ती म्हणजे एवढं, उंट म्हणजे तेवढं. हत्तीला जायला वाट आहे का, हे कोण बघणार?

तर माझे प्रश्न: (१) माझी मांडणी चुकते आहे की यंत्राला हे खरंच कळत नाही? (२) दर रात्री वेगळं उत्तर काहून? (३) नवं स्टॉकफिश उतरवलं तर काळी खिडकी डोळा मिचकावल्यासारखी उघडते आणि बंद होते. कॉम्प्युटर म्हातारा झाला का?

---

सातपुडा_एक्सप्रेस (परतवाडा)

भाऊ, तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तो सोपा आहे. स्टॉकफिशच्या पानावर एकाच आवृत्तीच्या बऱ्याच फाईली असतात. नावात एव्हीएक्स२, बीएमआय२ किंवा पॉपकाउंट असं काही असेल ती घेऊ नका. तुमच्या प्रोसेसरला त्या सूचना समजतच नाहीत, म्हणून प्रोग्राम सुरू होताच मरतो. नुसतं एक्स८६-६४ लिहिलेली साधी फाईल घ्या. हळू चालेल, पण चालेल.

आवृत्ती बदलणं तुमच्या प्रकरणात महत्त्वाचं आहे. ११ ही जानेवारी २०२० ची, म्हणजे जुन्या पद्धतीची शेवटची. माणसांनी हातानं लिहिलेले नियम: हत्तीला एवढे गुण, मोकळ्या पट्टीला एवढे, राजाच्या सुरक्षिततेला एवढे. तुमची काट्याची उपमा तिला जवळजवळ तंतोतंत बसते. त्याच वर्षी सप्टेंबरात १२ आली, तिच्यात एनएनयूई म्हणजे एक छोटं न्यूरल नेटवर्क घातलं. ही कल्पना मुळात यू नासू यांनी २०१८ मध्ये शोगीसाठी, जपानी बुद्धिबळासाठी काढली होती. नेटवर्क गुण मोजत नाही, कोट्यवधी स्थितींवरून अंदाज बांधायला शिकतं. पण अशा आरपार बंद भिंती खऱ्या डावात फार क्वचित येतात, त्यामुळे तिथं तेही घसरतं.

दर रात्री वेगळं उत्तर: तुम्ही दोन्ही कोर लावले असणार. दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे दोन शोध, एकमेकांच्या नोंदी वाचत-खोडत जातात, कोण आधी पोहोचला यावर पुढचा शोध बदलतो. चाचणी घ्यायची तर थ्रेड एक ठेवा, प्रत्येक वेळी हॅश (या नोंदींची वही) रिकामा करा, आणि मिनिटांऐवजी नोड्स (किती स्थिती तपासायच्या तो आकडा) ठरवून द्या. मग दहा वेळा चालवलं तरी दहाही वेळा तेच यायला पाहिजे.

आकडे जुन्या-नव्याचे एकमेकांशी जुळवू नका. २०२२ च्या अखेरीस आलेल्या १५.१ पासून त्यांनी मोजपट्टीच बदलली: आता अधिक १ म्हणजे 'एका प्याद्यानं पुढे' असं नाही, 'जिंकायची शक्यता निम्मी' असं आहे.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही यंत्राला सुरुवातीच्या स्थितीवर बसवलं. तिथून एफ५ पर्यंत ११ अर्ध्या चाली आहेत (एका बाजूची एक खेळी म्हणजे अर्धी चाल), आणि त्यातल्या पांढऱ्याच्या पहिल्या पाचही शह. एवढं म्हणजे यंत्राला काहीच नाही, तुमचा कोअर टू ड्युओसुद्धा डोळे मिटायच्या आत तिथं पोहोचतो. म्हणजे आबाजींची ओळ त्याला दिसली आहे. शेवटी पोहोचून बघतं तर दोन्ही उंट गेलेले, म्हणून परत फिरतं. तेव्हा शेवटाकडून सुरू करा. एफ५ झाल्यानंतरची स्थिती मांडा (काळा राजा डी८ वर, काळ्याची चाल) आणि तिथं तो काय म्हणतो ते बघा. तिथंच चूक असेल तर मागची एकही चाल तपासण्यात अर्थ नाही.

आणि त्याच स्थितीची एक खोटी जुळी बहीण तयार करा. एच३ आणि एच४ ही दोन प्यादी उचला, बाकी सगळं तसंच. वजनात फरक शून्य, दोघांचं एकेक गेलं. पण एच पट्टी मोकळी, म्हणजे धुऱ्याला भोक. हत्ती तिथून सरळ आत येणार आणि काळा खरोखर जिंकणार. आता दोन्ही स्थितींना सारखे नोड्स द्या. दोन्हीकडे आकडा सारखाच आला तर तुमचं यंत्र भिंत बघतच नाही. वेगळा आला तर किती वेगळा, ते इथं टाका.

---

बिनलाइटचा (मेहकर)

पाऊण पाऊण तास इंजिन चालवायला लाइट असते तुमच्याकडे? आमच्याकडे थ्री फेज रात्री येते, तेव्हा मी मोटर चालू करायला जातो, पट मांडत नाही. 😀

बाकी आबाजींना नमस्कार सांगा.

---

गणिताचे_गुरुजी (आर्वी)

चर्चा छान चालली आहे. परतवाड्याच्या मित्रांनी यंत्राला ओळ दिसते पण तिचं मोल कळत नाही असं सांगितलं ते योग्यच, पण याच्या उलट जातीचीही एक स्थिती काटेवाल्यांनी शेजारी ठेवावी असं सुचवतो. नाही तर सगळा दोष मूल्यमापनावर जाईल.

लिनारेसची स्पर्धा, १९९८. टोपालोव विरुद्ध शिरोव, काळ्याची ४७ वी चाल. पांढरा: राजा जी१, उंट सी३, प्यादी जी२, एच४. काळा: राजा ई६, उंट एफ५, प्यादी ए४, डी५, एफ६, जी६. उंट विरुद्ध रंगांचे, म्हणजे दोन प्यादी जास्त असूनही बरोबरीकडे झुकणारा डाव. शिरोवनं उंट एच३ वर ठेवला. शह नाही, काही मारलं नाही, नुसता प्याद्याच्या तोंडात नेऊन दिला. मारला तर राजा एफ५, तिथून ई४, आणि पांढरा राजा एका चालीनं उशिरा पोहोचतो. पुढे ए आणि डी पट्टीवरची दोन प्यादी एकटा उंट अडवू शकत नाही. ५३ व्या चालीला टोपालोवनं डाव सोडला.

ही चाल कितीतरी वर्षं यंत्रांना सापडत नव्हती, आणि कारण अगदी वेगळं आहे. यंत्र सगळ्या चाली सारख्या खोलीनं, म्हणजे सारख्याच पुढपर्यंत, बघत नाही. आधी आशादायक वाटणाऱ्या, मारामारीच्या, शहाच्या. बाकीच्या रांगेत मागे, आणि मागच्यांना खोलीही कमी मिळते. शह न देणारी, उंट फुकट घालवणारी चाल रांगेच्या शेवटी उभी राहते. तिला कोणी नीट पाहिलंच नाही तर तिचं मोल कळणार कसं? इथं वेळ वाढवला की उत्तर सुधारतं. तुमच्या रुडॉल्फमध्ये वेळ वाढवून फारसं काही होणार नाही, असा माझा अंदाज. दोन्ही स्थिती एकाच यंत्राला द्या आणि एक मिनिट, दहा मिनिटं, एक तास असं बघा. एक सुधारेल, दुसरी जागची हलणार नाही.

चाचणी स्थितींचे संच फार जुने आहेत. इव्हान ब्रॅट्को आणि डॅनी कोपेक यांचा १९८२ चा २४ स्थितींचा संच एकेकाळी सगळे वापरत. पण 'चोवीसपैकी किती' या गुणपत्रिकेनं विद्यार्थी कुठं अडतो ते कळत नाही. हे मी शाळेत ३१ वर्षं बघितलं आहे.

गणिती आणि भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोझ यांचीही अशी एक स्थिती २०१७ मध्ये खूप गाजली. काळ्याला तीन उंट, तिन्ही काळ्या घरांवरचे. वजीर आणि दोन्ही हत्ती स्वतःच्याच प्याद्यांत अडकलेले. पांढऱ्या राजानं फक्त पांढऱ्या घरांवरून फिरत राहायचं. लहान पोरालाही पटतं. यंत्रं मात्र काळा जिंकला म्हणत होती. त्यावरून पेनरोझ माणसाच्या जाणिवेपर्यंत गेले, तो वाद मला झेपत नाही. तुमच्या आबाजींना मात्र ती स्थिती जरूर दाखवा.

---

काटेवाला

मंडळी, उशीर झाला. मधे चार दिवस गाड्यांची रीघ होती, भाव थोडा वर गेला की सगळ्यांचा कापूस एकाच रात्री घराबाहेर निघतो.

साधी फाईल चालली! स्टॉकफिश १७ आता काट्यावर आहे. फार हळू आहे, पण खिडकी टिकते. थ्रेड एक, हॅश रिकामा, नोड्स ठरवलेले. आता तीनदा चालवलं तर तीनदा तेच उत्तर येतं. एवढ्यानंच अर्धं समाधान झालं.

गुरुजी, तुमचा शिरोव आधी सांगतो. मिनिटभरात नाही सापडला, जरा जास्त वेळ दिला तर सापडला. भाचीच्या मोबाइलवर ड्रॉइडफिश हे बुद्धिबळाचं ॲप आहे, त्यात काट्याच्या कॉम्प्युटरपेक्षा लवकर. पोरगी आता मला कॉम्प्युटर विकून टाका म्हणते.

आता धुरा. एफ५ नंतरची स्थिती मांडली. आकडा काळ्याकडचा, मोठा. एक मिनिटाला जेवढा, तासाभरानं जवळपास तेवढाच. खोली वाढत होती, खाली चालींची ओळ बदलत होती (हत्ती ए८, हत्ती बी८, राजा सी७, राजा डी८, नुसतं येणं-जाणं), पण आकडा खुंट्याला बांधलेल्या बैलासारखा तिथंच.

मग जुळी बहीण. एच पट्टीची दोन प्यादी उचलली. सुरुवातीला आकडा फार वेगळा नव्हता, खरं सांगतो. मला वाटलं झालं, याला काही कळत नाही. पण इथं खोली वाढली तसा आकडा चढत गेला. हत्ती एच पट्टीवर, मग चौथ्या रांगेत, मग जी४ चं प्यादं गेलं, आणि शेवटी 'इतक्या चालींत मात' असं यायला लागलं. म्हणजे पहिल्या नजरेला दोन्ही सारख्याच, पण एकीत काम पुढे सरकतं आणि दुसरीत नाही. आता मी कोणत्याही बंद डावात पहिला आकडा बघतच नाही, तो हलतो आहे का तेवढं बघतो.

हे आबाजींना दाखवलं. त्यांनी यंत्राचं काही कौतुक केलं नाही. म्हणाले, "त्याले काळे दे नोको. काळे मी घेतो. पाहू धुरा राखते का."

रविवारी काटा दुपारपर्यंत बंद असतो, तेव्हा बसलो. स्थिती एफ५ नंतरची, यंत्र पांढरं, आबाजी काळे. ५० चालींचा नियम त्यांना मी समजावला: ५० चालींत दोघांपैकी कोणाचंही प्यादं हललं नाही आणि काही मारलं गेलं नाही तर बरोबरी मागता येते. इथं काळ्याला हलवायला प्यादं नाही आणि मारायलाही काही नाही, म्हणजे मोजणी मोडायची तर पांढऱ्यानंच काहीतरी मारायला पाहिजे. आबाजींनी हिशेबासाठी खिशातून सरकी काढली आणि दर चालीला एक दाणा उजव्या बाजूला सरकवायला लागले. मी म्हटलं स्क्रीनवर मोजणी दिसते. म्हणाले, दिसू दे.

आठ-दहा चाली नुसते हत्ती इकडून तिकडं. मग ए६ वरचा हत्ती त्यांनी ए८ वर नेला. दुसरा बी६ वर. आणि मग तोच बी५ वर, थेट सी४ च्या प्याद्याच्या तोंडात.

मी म्हटलं, "आबाजी, हत्ती फुकट चालला."

"फुकट नाई तो. गूळ हाय."

मला कळायला वेळ लागला. पांढऱ्यानं सी४ च्या प्याद्यानं हत्ती घेतला की सी४ रिकामं. काळा सी५ वरून सी४. त्याला बी३ नं मारलं की काळा बी४ वरून बी३. त्याला ए२ नं मारलं की ए३ चं प्यादं ए२ वर, आणि पुढच्या चालीला वजीर. एक वीट काढली की सगळा धुरा कोसळतो. आणि ती वीट पांढऱ्यानं स्वतःच्या हातानं काढायची, हत्तीच्या लोभापायी.

यंत्रानं घेतला नाही. राजा ई३ वरून डी३ केला आणि गप्प. आबाजी स्क्रीनकडं बघत राहिले. मग हत्ती परत बी६ वर आणला, दाणा सरकवला, आणि पुढे ए४ वरूनही तसंच आमिष दाखवलं, बी३ च्या प्याद्यासमोर. तेही घेतलं नाही.

"शहाणं हाय," म्हणाले. तेवढंच.

पण मजा अशी, ज्या वेळी ते हत्ती नाकारत होतं त्याच वेळी बाजूला आकडा दाखवत होतं की मी हरलो आहे. खेळतं अगदी बरोबर आणि तोंडानं रडतं. आमच्या गावात असा एक शेतकरी आहे, दरवर्षी म्हणतो यंदा काही पिकलं नाही आणि दरवर्षी नवी गाडी घेतो.

मोजणी वाढत गेली तसा आकडा हळूहळू उतरायला लागला. आणि तीस दाण्यांच्या आसपास एकदम शून्य. मी खुर्चीतून उठलो. मला वाटलं, कळलं याला!

पण नंतर रात्री विचार केला तेव्हा पटलं नाही. सातपुडा भाऊ, बरोबर आहे का सांगा: त्याला धुरा कळला नाही. ५० वी चाल त्याच्या नजरेच्या टप्प्यात आली, एवढंच. वीस चाली म्हणजे चाळीस अर्ध्या चाली, तेवढं त्याला दिसतं. ३० चाली आधी तोच धुरा होता, तेच हत्ती होते, आणि ते हरलो म्हणत होतं.

---

सातपुडा_एक्सप्रेस

अगदी बरोबर भाऊ. शून्य आला तो नियमामुळे. आधी आकडा हळूहळू उतरत होता तोही त्याच्यामुळेच: मोजणी चढेल तसं मूल्यमापन खाली आणायचं, असं स्टॉकफिशमध्ये मुद्दाम लिहिलेलं आहे. खात्री करायची तर ३० दाण्यांवरची स्थिती नव्यानं मांडा, मोजणी शून्यावर ठेवून. पट तोच, आकडा परत वर जायला पाहिजे.

हत्ती का घेतला नाही याचं उत्तरही सोपं आहे. सी४ पासून ए१ च्या वजिरापर्यंत सात-आठ अर्ध्या चाली. ते त्याला लख्ख दिसतं. संकट जवळ असेल तर यंत्रासारखा राखणदार नाही. पण 'इथं कधीच काही होणार नाही' हे चाली मोजून दिसत नाही, कारण न होण्याला शेवट नसतो.

यावर काम करणारे लोक आहेत. क्रिस्टल नावाचं स्टॉकफिशचंच एक रूप आहे, बंद किल्ले ओळखण्यावर त्याचा भर आहे. तुमच्या जुन्या प्रोसेसरला चालेल अशी फाईल मिळाली तर तीच चाचणी त्याच्यावर घ्या. लीला नावाचं दुसरं यंत्र नीट चालायला मात्र ग्राफिक्स कार्ड लागतं, ते काट्यावर नको. आणि एंडगेम टेबलबेसचा (थोड्या मोहऱ्या उरलेल्या स्थितींची आधीच काढून ठेवलेली उत्तरं) इथं उपयोग नाही, ते सात मोहऱ्यांपर्यंतच आहेत, तुमच्या पटावर धुरा घातल्यावरही २१ उरतात.

---

गणिताचे_गुरुजी

आबाजींचं 'गूळ' वाचून फार आनंद झाला. एक विनंती: हत्ती बी५ वर ठेवायच्या आधी त्यांनी दुसरा हत्ती ए६ वरून ए८ वर नेला, हे तुम्ही ओझरतं लिहिलं आहे. ते मुद्दाम होतं का विचारा. ए६ वर हत्ती राहिला असता तर बी५ वर आलेलं पांढरं प्यादं त्यालाही मारू शकलं असतं आणि मग त्याच प्याद्याला वजीर व्हायला दोनच घरं राहिली असती. डाव फार अवघड झाला असता. हे त्यांनी पाहिलं असेल तर मी एकदा दारव्ह्याला येतो.

---

काटेवाला

गुरुजी, विचारलं. आधी म्हणाले, "मंग काय उगाच नेला?" मग भाचीला बोलावून पट मांडला आणि ए६ वर हत्ती ठेवून तिला तोच डाव खेळायला लावला. पोरीनं बरोबर ए६ चा हत्ती मारला आणि प्यादं ए८ ला नेऊन शहासकट वजीर केला. आबाजी खूश, पोरगी त्याहून खूश.

सातपुडा भाऊ, मोजणी शून्य करून मांडलं. आकडा परत वर गेला, तुम्ही म्हणालात तसाच. क्रिस्टल उतरवायला लावलं आहे, इथल्या नेटवर सकाळपर्यंत होईल.

तुम्ही या गुरुजी. शुक्रवार सोडून कधीही, त्या दिवशी आबाजी बाजाराला जातात, घरी सापडत नाहीत. सरकीचे ५० दाणे त्यांनी अजून खिशातच ठेवले आहेत. गाडी आली, हॉर्न वाजवून राहिला, जातो.